मुलीच्या विज्ञानासाठी घर तारण ठेवावं का?

पत्र: माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं होतं, बोर्डात ९१ टक्के मिळाले. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात चार वर्षांच्या आंतरविद्याशाखीय बी.एस्सी.ला तिला प्रवेश मिळतोय. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, डेटा सायन्स, पर्यावरण असं सगळं त्यात आहे. शुल्क वर्षाला ४ लाख. गुणांवर २५ टक्के सवलत दिली आहे, म्हणजे ३ लाख. हॉस्टेल-मेस दीड लाख वेगळे. जागा धरून ठेवायला आम्ही ५० हजार भरले आहेत. यजमान पतसंस्थेत आहेत, पगार ३८ हजार. मी घरी शिवणकाम करते. शुल्कासाठी १२ लाखांचं कर्ज काढावं लागेल, त्याला बँक सासऱ्यांच्या नावावरचं घर तारण मागते. दीर म्हणतात, एवढ्या पैशांत इंजिनिअर होईल, या पदवीला बाजारात विचारतं कोण? मुलगी मात्र याच कोर्सवर अडून आहे. अकरावीत तिनं गावाकडच्या क्षारपड जमिनीवर प्रकल्प केला होता, तेव्हापासून तिला 'सगळं विज्ञान एकत्र' शिकायचंय. तिनं आयसरची (केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची) परीक्षाही दिली आहे, निकाल यायचाय. या पदवीचे पैसे वसूल होतात का, ते स्पष्ट सांगा. – एक आई, कराड

ताई,

तुम्ही स्पष्ट विचारलंत, म्हणून उत्तरही आधीच सांगते. या कोर्ससाठी घर तारण ठेवू नका. मुलीला जे शिकायचंय ते मात्र जरूर शिकू द्या. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, ते कसं हेच सविस्तर लिहिते.

आधी हिशोब करू, कारण बँकेत तो कुणी मांडून दाखवत नाही. दर वर्षी ३ लाख याप्रमाणे चार वर्षांत १२ लाख उचलले आणि व्याज १० टक्के धरलं. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो, पण व्याज पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून चढतं. पहिल्या वर्षीच्या ३ लाखांवर पाच वर्षांचं व्याज दीड लाख, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर १ लाख २० हजार, तिसऱ्यावर ९० हजार, चौथ्यावर ६० हजार. म्हणजे हप्ता सुरू होण्याच्या दिवशी तुमच्या डोक्यावर १२ नाही, १६ लाख २० हजार असतील. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे २१,४०० रुपये, एकूण जवळजवळ २५ लाख ७० हजार. हॉस्टेल-मेसचे ६ लाख तुम्ही घरातून घालणार, ते वेगळेच. शिवाय ती २५ टक्के सवलत चारही वर्षांची आहे, की दर वर्षीच्या गुणांवर अवलंबून आहे? ऑफर लेटरमधली बारीक अक्षरातली ओळ आज वाचा. दुसऱ्या वर्षी सवलत गेली, तर उरलेल्या प्रत्येक वर्षाला आणखी एक लाख उभे करावे लागतील.

आता मिळकतीची बाजू. मूलभूत विज्ञानात पैसा येतो, पण उशिरा येतो. बी.एस्सी.नंतर लगेच मिळणाऱ्या नोकऱ्यांचे पगार बेताचेच असतात. खरी किंमत वाढते ती एम.एस्सी. झाल्यावर, पीएच.डी. झाल्यावर किंवा एखादं तांत्रिक कौशल्य हातात पक्कं बसल्यावर. समजा तुमची मुलगी सगळ्यात सरळ वाटेनं गेली. चार वर्षांची पदवी, मग एक वर्षाची एम.एस्सी., मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास होऊन पीएच.डी. कनिष्ठ संशोधक म्हणून तिला मिळणारी जेआरएफ ही शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, घरभाडं वेगळं. त्यातून २१,४०० हप्ता गेला तर पुण्या-मुंबईत राहून तिच्या हाती काय उरेल? आणि नेट पहिल्याच फटक्यात निघते असं नाही. शिक्षण पुढे चालू आहे म्हणून बँकेनं हप्त्याची मुदत वाढवून दिली, तरी व्याज थांबत नाही. १२ लाखांवर वर्षाचे १ लाख २० हजार चढतच राहतात.

म्हणून माझी हरकत पदवीला नाही, कर्जाला आहे. एवढं मोठं कर्ज घेऊन विज्ञान शिकणारी मुलगी नेमकी कमाईला तोंड फुटायच्या वेळी विज्ञान सोडते. हप्ता सुरू होणार म्हणून मिळेल ती पहिली नोकरी धरते, मग ती कॉल सेंटरची असो की विमा विकायची. एम.एस्सी. राहते ती राहतेच. ज्या शिक्षणासाठी घर गहाण पडलं, ते अर्ध्यावर सुटतं. हे टाळायचंय.

दिरांचा प्रश्न मला अजिबात चुकीचा वाटत नाही. फक्त त्याचं उत्तर पदवीच्या नावात सापडणार नाही, गुणपत्रकात सापडेल. 'आंतरविद्याशाखीय' या नावाखाली दोन अगदी वेगळे कोर्स चालतात. एकात मुलं पहिली एक-दोन वर्षं सगळी विज्ञानं शिकतात आणि मग एका विषयात खोल उतरतात, दुसरा विषय हत्यारासारखा जोडीला ठेवतात. दुसऱ्यात चारही वर्षं प्रत्येक विषयाचा थोडा थोडा परिचय होतो. माहितीपत्रकात दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. नोकरीच्या किंवा पुढच्या प्रवेशाच्या खिडकीवर मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

काही उदाहरणं देते. औषधनिर्मितीचे कारखाने महाराष्ट्रात कुरकुंभ, लोटे, तारापूर, पाताळगंगा असे पसरलेले आहेत आणि विज्ञान पदवीधरांना तिथं काम मिळतं. पण औषधांच्या उत्पादनावर देखरेख करणारी तांत्रिक व्यक्ती कोण असावी, हे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत लिहिलेलं आहे. औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर तर चालतोच, पण विज्ञानाचा पदवीधर असेल तर त्यानं पदवीला रसायनशास्त्र 'मुख्य विषय' म्हणून शिकलेलं असावं लागतं, शिवाय अनुभव. तुमच्या मुलीनं रसायनाचे तीन-चारच पेपर दिले असतील, तर पदवीवर कितीही सुंदर नाव असलं तरी इथं अडेल. आयआयटीत एम.एस्सी. करायची झाली तर जॅम ही परीक्षा द्यावी लागते. ती द्यायला आडकाठी नसते, पण प्रवेशाच्या वेळी पदवीतले विषय तपासतात. भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.साठी अनेक आयआयटींत किमान दोन वर्षं भौतिकशास्त्र आणि एक वर्ष गणित झालेलं लागतं. भारतीय वन सेवेसाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, भौतिक, गणित, संख्याशास्त्र अशा ठरावीक विषयांपैकी किमान एक पदवीला असावा लागतो. बी.एड.ला गेली तरी अध्यापनाचा विषय घेताना पदवीला काय होतं ते बघतात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं, म्हणून आपली मुलं तिकडे बघतात. तिथंही मास्टर्सला घेताना मूळ विषयाचे किती क्रेडिट (म्हणजे अभ्यासाच्या भाराचे गुणांक) झाले ते मोजतात, आणि फार काटेकोरपणे मोजतात.

तेव्हा विद्यापीठाला एक गोष्ट लेखी विचारा: चार वर्षांच्या १६० क्रेडिटपैकी एकाच विषयाचे जास्तीत जास्त किती घेता येतात, आणि गुणपत्रकावर किंवा पदवीवर त्या विषयाचं नाव 'मुख्य' म्हणून छापून येतं का? नव्या शैक्षणिक धोरणात एक मुख्य विषय घेऊन केलेल्या चार वर्षांच्या पदवीत जवळपास निम्मे क्रेडिट त्या विषयाचे असतात. हा कोर्स त्याच्या आसपास असेल, तर पदवीला बाजारात किंमत आहे. 'सगळे विषय समान' असं उत्तर आलं, तर मुलीला एम.एस्सी.ची दारं कमी होतील, आणि एम.एस्सी.शिवाय या वाटेवर पैसा नाही.

प्लेसमेंटबद्दलही विचारा, पण नीट विचारा. 'सर्वाधिक पॅकेज' हा आकडा तुमच्या कामाचा नाही, तो बहुतेकदा बी.टेक. किंवा एम.बी.ए.च्या मुलाचा असतो. याच बी.एस्सी.च्या किती तुकड्या आजवर बाहेर पडल्या, त्यातली किती मुलं आज काय करतात, सगळे पगार ओळीनं लावले तर अगदी मधल्या मुलाचा पगार किती, आणि एम.एस्सी.ला गेलेली मुलं कुठल्या संस्थेत गेली, हे हवं. चार वर्षांच्या अनेक पदव्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर सुरू झाल्या आहेत. एकही तुकडी बाहेर पडलेली नसेल तर दाखवायला काहीच नसतं, आणि अशा ठिकाणी १८ लाख घालणं हा जुगार आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांशी तुमच्या मुलीला स्वतः फोनवर बोलू द्या. समुपदेशन कक्षातली मंडळी प्रवेश भरण्यासाठी नेमलेली असतात, त्यांच्या गोड बोलण्यावर निर्णय घेऊ नका.

चार वर्षांची पदवी असल्यानं एक वर्ष वाचतं, असंही तुम्हाला सांगितलं असेल. एम.एस्सी.पर्यंत जायचं तर काहीच वाचत नाही. तीन अधिक दोनही पाच आणि चार अधिक एकही पाच. चौथं वर्ष खरोखर उपयोगी पडतं ते दोन ठिकाणी. ७५ टक्के गुण असतील तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. आणि अमेरिकेत पीएच.डी.ला जायचं असेल तर चार वर्षांची पदवी असल्यानं अडचण कमी होते, तिथं विज्ञानाच्या पीएच.डी.ला शुल्कमाफी आणि विद्यावेतन बहुधा मिळतं. तुमच्या मुलीला संशोधनातच जायचं असेल तर चौथ्या वर्षाला अर्थ आहे. ते तिला आत्ताच ठरवायला लावू नका. तीन वर्षांनी बाहेर पडण्याची सोय नव्या रचनेत आहेच.

मुलीच्या इच्छेबद्दल मात्र मला मनापासून बोलायचंय, कारण घरातल्या चर्चेत तीच मागे पडत असेल. कृष्णाकाठची जमीन क्षारपड का होते, हा प्रश्न कुणा एका विषयाचा नाही. पाणी जास्त दिल्यानं भूजल वर येतं, ते सुकताना क्षार वर सोडतं, मातीची घडण बिघडते, मुळांना पाणी ओढता येत नाही. त्यात भूशास्त्र आहे, रसायन आहे, वनस्पतिशास्त्र आहे, आणि शेकडो गटांचे नमुने तपासायचे झाले तर संख्याशास्त्र आणि उपग्रहाची छायाचित्रंही आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे जाणवलं आणि ती म्हणाली की मला एकत्र शिकायचंय, हे फार मोलाचं आहे. आज जिथं पैसा आणि काम दोन्ही वाढतंय अशा बऱ्याच जागा याच सांध्यावर आहेत. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी हाताळणाऱ्या कंपन्यांना जीवशास्त्र समजणारा आणि प्रोग्रॅमिंग येणारा माणूस हवा असतो. जीआयएस (संगणकावरचे नकाशे आणि त्यांची माहिती), हवामान, पीकविमा, जनुकांची माहिती वाचणं, सगळीकडे हेच. पण नीट पाहिलं तर यातल्या प्रत्येक जागी एक विषय खोल आणि त्याच्या हाताला संख्याशास्त्र व संगणक, अशी जोडी लागते. पाच विषयांची तोंडओळख कुणी विकत घेत नाही.

आणि ही जोडी घर तारण न ठेवता जुळवता येते.

पहिली वाट आयसरची. तिनं परीक्षा दिलीच आहे. पुण्याचं आयसर २००६ मध्ये सुरू झालं, पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी मिळते आणि सुरुवातीच्या काळात सगळी मूलभूत विज्ञानं शिकावी लागतात. 'सगळं विज्ञान एकत्र' हे तिला तिथं जसं मिळेल तसं क्वचितच कुठे मिळतं. हॉस्टेल-मेस धरूनही खर्च तुमच्या साडेचार लाखांच्या निम्म्याहून कमी होतो. पुणे नाही मिळालं तरी भोपाळ, तिरुपती, बेरहामपूर अशी इतर आयसर आहेत. लांब म्हणून नाकारू नका. मुंबईत कलिन्याला मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचं मूलभूत विज्ञान केंद्र आहे, तिथंही पाच वर्षांची एम.एस्सी. आहे आणि प्रवेश नेस्ट परीक्षेतून होतो. तिनं नेस्टचा अर्ज केलाय का, ते पत्रात नाही. केला नसेल तर पुढच्या वर्षासाठी लक्षात असू द्या. या संस्थांत प्रवेश मिळाला तर इन्स्पायर किंवा तशीच शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता असते.

आयसर हुकलं तर दुसरी वाट तुमच्या अंगणातच आहे आणि तिच्याकडे कमीपणानं बघू नका. कराडचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, साताऱ्याचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, सांगलीचं विलिंग्डन कॉलेज, पुण्याचं फर्ग्युसन. अनुदानित तुकडीत बी.एस्सी.चं वर्षाचं शुल्क काही हजारांत भागतं. तिथं तिनं रसायन किंवा संख्याशास्त्र मुख्य घ्यावं. माझं मत विचाराल तर तिच्या आवडीकडे बघता रसायन घ्यावं आणि संख्याशास्त्र किंवा गणित जोडीला ठेवावं. त्याच वेळी आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी आहे. ती २०२१ पासून चालू आहे आणि टप्प्याटप्प्यानं करता येते. फक्त डिप्लोमापर्यंत जाऊन थांबलं तरी चालतं, आणि कमी उत्पन्नाच्या घरांना शुल्कात मोठी सवलत आहे. एकाच वेळी दोन पदव्या करायला यूजीसीनं २०२२ पासून मुभा दिली आहे. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर भूशास्त्र, रिमोट सेन्सिंग, जैवमाहितीशास्त्र हे सगळं फुकट ऐकता येतं, परीक्षेचं तेवढं शुल्क पडतं. विद्यापीठ तुम्हाला जे १८ लाखांत विकतंय, त्यातला बराचसा भाग असा जमवता येतो. जे जमवता येत नाही ते म्हणजे चांगल्या प्रयोगशाळा, सोबतची हुशार मुलं आणि इंग्रजीत सफाईनं बोलण्याची सवय. हे खरं आहे, आणि त्यासाठी तिला उन्हाळ्यात पुण्याच्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी इंटर्नशिपसाठी अर्ज करत राहावं लागेल. पहिल्या वर्षी नाही म्हणतील, तिनं दुसऱ्या वर्षी पुन्हा लिहावं.

९१ टक्क्यांचं एक महत्त्वाचं. आपल्या बोर्डात पहिल्या एक टक्क्यात येणारी मुलं मूलभूत विज्ञानाच्या पदवीला गेली, तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीसाठी पात्र ठरतात. वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार हातात आणि २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी, पाच वर्षांपर्यंत. कटऑफ दर वर्षी बदलतो, म्हणून ९१ टक्के पुरतीलच असं गृहीत धरू नका. बोर्डाचा आकडा बघा, जाहिरात आली की पूर्ण वाचा. त्यात पात्र विषयांची यादी असते आणि मुलीच्या पदवीचा विषय त्या यादीत बसायला हवा. कराडच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला ही शिष्यवृत्ती मिळाली, तर शुल्क भागून पैसे उरतील.

इंजिनिअरिंगचं एका परिच्छेदात सांगते. तुमच्या घराचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. तुम्ही ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी यांपैकी कशात बसत असाल, तर २०२४-२५ पासून राज्य सरकार सामायिक प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक कोर्सला जाणाऱ्या मुलींचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करतं. खासगी विद्यापीठांना हे लागू नाही. म्हणजे दिरांना वाटतं त्याच्याही पुढे जाऊन, इंजिनिअरिंग तुम्हाला जवळजवळ मोफत पडू शकतं. निव्वळ पैशाच्या तराजूत ते जड आहे. पण तिला नको असेल तर त्यात ढकलू नका. मोफत सुरू केलेलं आणि अर्धवट सोडलेलं इंजिनिअरिंग महागच पडतं. तिला हा आकडा सांगा, समोर बसवून, आणि निर्णय तिच्यावर सोडा.

खासगी विद्यापीठालाच जायचं, असं कधी म्हणावं? विद्यापीठानं सवलत इतकी वाढवली की एकूण कर्ज ४ लाखांच्या आत बसेल, ती सवलत चारही वर्षांची असल्याचं लेखी दिलं आणि मुख्य विषयाचं उत्तर समाधानकारक आलं, तर जाऊ द्या. ४ लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. तुमच्याकडे घर मागितलं ते कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं म्हणून. तसंच पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत हे विद्यापीठ आहे का तेही पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत यादीतल्या संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात ३ टक्के सूटही आहे. यादीत असलं तरी २१ हजारांच्या आसपासचा हप्ता मात्र तुमच्या घराला झेपणारा नाही, हे विसरू नका. यजमानांच्या पगाराच्या निम्म्याहून तो जास्त आहे.

५० हजार भरले म्हणून आता मागे फिरता येणार नाही, असं मनात आणू नका. शुल्क परताव्याबद्दल यूजीसी दर वर्षी परिपत्रक काढते. ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर भरलेलं सगळं शुल्क परत द्यावं लागतं, आणि हे खासगी विद्यापीठांनाही बंधनकारक आहे. या वर्षीची तारीख यूजीसीच्या संकेतस्थळावर बघून कॅलेंडरवर लिहून ठेवा. आयसरच्या प्रवेशाच्या फेऱ्या होईपर्यंत जागा राहू द्या, पुढचा हप्ता भरू नका, बँकेत कशावरही सही करू नका. रद्द करायचं ठरलं तर अर्ज ईमेलनं करा आणि पोच मागून घ्या. फोनवर 'बघतो' म्हणाले तर त्यावर थांबू नका. पैसे अडवले तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करता येते.